मामूंच्या हाताचा कंप आणि सर्पगंधेची मुळी

मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनजवळ आमच्या मामूंचं घर आहे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत त्यांनी वीस वर्षं लेथवर काम केलं. त्यांना बायपोलरचा आजार आहे. कधी महिनोन्‌महिने उदासी, तर कधी झोपच नको असा बेफाम उत्साह. गोळ्या सुरू झाल्या आणि मन ताळ्यावर आलं, पण हात कापू लागले. बशीत ओतलेला चहा तोंडापर्यंत जाईस्तोवर सांडायचा. कधी बसल्या जागी खांद्याला झटका यायचा. मोहल्ल्यात कुणी म्हणालं, प्यायला लागला. कुणी म्हणालं, असर आहे. शेवटी मामूंनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. हात थांबले, पण तीन महिन्यांत जुना आजार दुप्पट जोराने परतला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, डॉक्टर नाही. पण मामूंच्या निमित्ताने या थरथरीविषयी वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की तिचाही एक इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात आपल्याच मातीतल्या एका मुळीपासून होते.

ती मुळी सर्पगंधेची. वैद्य आणि हकीम ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. बिहारकडे तर लोक तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांचं म्हणणं होतं की, जुन्या औषधांची पारख नव्या रसायनशास्त्राने व्हायला हवी. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमा सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाची निवड केली. हकीमसाहेब १९२७ च्या डिसेंबरात वारले, पण काम थांबलं नाही. १९३१ साली सिद्दीकींनी सर्पगंधेतून एक शुद्ध द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या आठवणीत त्याला ‘अजमलीन’ नाव दिलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी निबंध लिहून ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी असल्याचं सांगितलं.

पुढचा टप्पा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून ‘रेसर्पिन’ काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आरडाओरडा करणारे रुग्ण शांत झाले होते.

पण औषध वाढलं तशी त्यातल्या काहींची शरीरं ताठरू लागली, हात कापू लागले. कंपवाताच्या म्हाताऱ्या माणसात दिसावं तसं. हे का होतं, याचं उत्तर स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांना सापडलं. १९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निश्चल पडले. मग मेंदूत ज्यापासून डोपामिन तयार होतं ते एल-डोपा दिलं, तर ते पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा होतो आणि हालचालींचा ताबा सुटतो, हे त्यातून कळलं. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

१९५२ पासून फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं होतं. ते आणि त्या जातीची पुढची औषधं डोपामिनचं काम अडवतात. बायपोलरमध्येही ती दिली जातात. काहींना ती दीर्घकाळ घेतल्यावर ओठ, जीभ, जबडा किंवा बोटं आपोआप हलू लागतात. याला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ म्हणतात. गंमत अशी की, त्यावरचा एक इलाज पुन्हा सर्पगंधेच्याच वाटेवर सापडला. रेसर्पिनसारखं काम करणारं टेट्राबेनाझिन १९५० च्या दशकात तयार झालं होतं. त्याच्याच कुळातल्या व्हॅलबेनाझिनला २०१७ साली अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली.

मामूंची गोळी मात्र लिथियमची. हा एक साधा क्षार. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरचा उपयोग १९४९ सालीच मांडला, म्हणजे डॉ. वकिलांचा लेख आला त्याच वर्षी. लिथियम घेणाऱ्या अनेकांचे हात बारीक कापतात. त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात किंवा कंपासाठी दुसरी गोळी देतात. पण थरथर मोठी झाली, स्नायू फडफडू लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, तर रक्तात लिथियम जास्त झालेलं असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो. म्हणूनच या गोळीवर असताना ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते.

आपल्या घरांसाठी यात एक खास गोष्ट आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रमजान आला, तर दिवसभर पाण्याविना राहणं अशा माणसाला महागात पडू शकतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे मदरशातलं लहान मूलही जाणतं. तरी मनाच्या आजाराला आपण आजार मानायला कचरतो, आणि सवलत मागताना तो माणूस शरमतो.

प्रत्येक झटका गोळीमुळेच येतो असंही नाही. झोप लागताना अंग दचकतं, जागरणाने पापणी लवते, थायरॉइड बिघडला तरी हात कापतात. कधी कारण सापडतही नाही. पण ते शोधण्याचं काम डॉक्टरांचं. आपलं काम इतकंच की कोणता अवयव हलतो, कधीपासून, कोणती गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढल्यावर, हे नीट लिहून ठेवायचं आणि त्यांना सांगायचं. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबरही आहे.

मामूंनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या त्याला आता चार वर्षं झाली. डॉक्टरांनी मात्रा बदलली, झटके थांबले, बोटांत थोडा कंप राहिला आहे. मामी आता बशी देत नाही, कपच देते, तोही अर्धा भरून. दुआ आम्ही तेव्हाही करत होतो, आजही करतो. फरक एवढाच की, मामूंचे हात का कापतात हे आता घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे, आणि मामू चारचौघांत चहा प्यायला लाजत नाहीत.