कुतच्या वेढ्यातील आपले शिपाई

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या हिंदी डिव्हिजनला ‘पुणे डिव्हिजन’ असे नाव होते. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. या पलटणींत देशावरचे मराठे, कोकणातील मराठे आणि दख्खनी मुसलमान एकत्र असत. नारायणगाव, वारूळवाडी, घोडेगाव अशा गावांतील ज्या घरांत ‘आमचे आजोबा बसऱ्यास होते’ असे सांगितले जाते, त्या घरांनी या तीन पलटणींची हकीकत अवश्य जाणून घ्यावी.

सप्टेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडने तैग्रिस नदीच्या वळणातील कुत-अल-अमारा हे गाव जिंकले. तेथेच थांबणे शहाणपणाचे होते. परंतु बगदादच्या मोहाने सैन्य पुढे ढकलले गेले. नोव्हेंबरात टेसिफोनच्या रणात त्याची अतोनात हानी झाली आणि थकलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला पुन्हा कुतला येऊन पोचली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. तो पुढे १४७ दिवस चालला.

या वेढ्यात गोळीपेक्षा भूक अधिक क्रूर ठरली. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी ते मांस नाकारले. धर्मात बाधा येत नाही, असा निर्वाळा हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाने मागविण्यात आला. तरीही कित्येकांनी अखेरच्या दिवसांपर्यंत त्याला हात लावला नाही. मूठभर जवाच्या पिठावर राहून ते खंदकात उभे राहिले आणि हिरड्या सुजविणाऱ्या स्कर्व्हीने खंगत गेले. याला हट्ट म्हणणारे इंग्रज लेखक पुष्कळ आहेत. गावी परतल्यावर पंगतीत आपले स्थान काय राहील, ही त्या शिपायाची चिंता त्यांना कळणे कठीणच होते. वेढा फोडण्यासाठी आलेल्या फौजांची सुमारे २३,००० माणसे जायबंदी वा ठार झाली, पण वाट मोकळी झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती दिली.

सुमारे १३,००० माणसे कैद झाली व त्यांत बहुसंख्य हिंदी होते. वाळवंटातून पायी नेऊन त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. कैदेतील हिंदी शिपाई व बाजारबुणगे यांपैकी सुमारे अडीच हजार मेले वा बेपत्ता झाले.

मायदेशी त्यांचे स्मरण कसे राहिले? लष्कराने पलटणींना ‘कुतचे संरक्षण’ हा रणसन्मान दिला. ११७ व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. तथापि बेळगावच्या युद्धस्मारकास नाव मिळाले ते १९१८ च्या शरकातच्या विजयाचे. विजय स्मरणात ठेवणे सोपे असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावी त्या महायुद्धात पडलेल्या ४६ वीरांचे स्मारक आहे. इतर अनेक गावांत संगमरवरी पाटी दिसते, परंतु तिच्यावर बहुधा किती गेले आणि किती पडले, एवढेच आकडे असतात.

बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच गत. १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली, परंतु साध्या हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या लिहिली गेली. हा पक्षपात होता, हे युद्धकबरी आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून क्षमा मागितली. नवल असे की, आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमेकाठी कोरेगावास १ जानेवारी १८१८ रोजी वेढल्या गेलेल्या पायदळाचा जो स्तंभ आहे, त्यावर पडलेल्या देशी शिपायांची नावे वाचता येतात. त्यांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत, आणि त्या नावांच्या आधारानेच पुढील पिढ्यांना सैन्यातील आपला हक्क मागता आला. शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते बसऱ्यास जमू नये!

पडलेल्या शिपायाच्या वारसास एक वाटोळे कांस्यपदक मिळे. त्यावर हुद्दा नसे, केवळ नाव उठावात असे. पुष्कळ पदके मोडीत गेली असतील. काही देव्हाऱ्यात, काही जुन्या पेटीत असतील. ज्ञातिबांधवांनी ती शोधावी. पदक नसल्यास निवृत्तिवेतनाचे कागद वा बिल्ले पाहावे आणि १०३, ११० किंवा ११७ हा आकडा आढळल्यास त्या शिपायाचे नाव, गाव व पलटण मंडळाकडे लिहून पाठवावी.