कुंपणाची वेदिका

सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवतीचा दगडी कठडा, म्हणजे वेदिका, नीट पाहिली की हे काम सुताराच्या डोक्यातून निघालंय, हे लगेच कळतं. उभे खांब, त्यांना पाडलेल्या खाचांत घुसवलेल्या आडव्या ‘सूची’ आणि वरून सगळ्यांना दाबून धरणारं ‘उष्णीष’. दगडाला एवढ्या उठाठेवीची गरजच नव्हती. चिरे रचून भिंत घातली असती तरी भागलं असतं. उष्णीषाचे सांधे तर तिरपे घेतलेत, लाकडात घेतात तसे.

वास्तुकलेचे इतिहासकार पर्सी ब्राउन यांनी या वेदिकेचं मूळ खेड्यात शोधलं. गुरं आणि वस्ती राखायला घातलेलं बांबू-लाकडाचं कुंपण म्हणजे तिची आजी. त्यात गुरांच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेलं फाटक, ते पुढे तोरण झालं. मला हे पटतं, कारण ज्यांनी ही शिल्पं घडवली त्यांना खेडं तोंडपाठ होतं. सांचीच्या पूर्व तोरणावर उरुवेला गाव आहे: एक बाई पाट्यावर वाटतेय, एक सुपानं पाखडतेय, एक उखळात कांडतेय. बुद्धचरित्रात या बायांचं काहीएक काम नाही! पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं १८७३ मध्ये उजेडात आणलेल्या भारहुतच्या वेदिकेवर बुद्धासाठी घेतलेल्या जेतवन उपवनाची खरेदी आहे. भूमीवर चौकोनी नाणी अंथरली जाताहेत, आणि शेजारी सोडलेली गाडी व विसावलेले बैल.

नगरांच्या दृश्यांत हेच कुंपण माडीवर चढतं. सज्जाच्या कठड्याआडून बायका खालची मिरवणूक बघतात. कोरणाऱ्यांत शहरीही होते. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण काम केल्याचा लेख ठेवलाय.

सह्याद्रीतल्या लेण्यांत वेदिका निव्वळ नक्षी उरली. भाजे, बेडसे, कार्ले इथं दर्शनी भिंतीवर तिच्या पट्ट्या आहेत. ना काही अडवायचं, ना कुणी टेकायचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीनं दान दिलेलं ३ क्रमांकाचं लेणं तर पुढे गेलं. तिथं दाराभोवती सांचीसारखं तोरणच कोरलंय, आणि ओसरीच्या वेदिकेखालचे दगडी वासे खालच्या धिप्पाड गणांनी खांद्यावर तोललेत. अखंड कातळात भार कसला? पण वासा म्हटला की तो कुणीतरी उचलायलाच हवा, ही सुतारी सवय पाथरवटाच्या हातातून गेली नव्हती.