कांबळवाडीपर्यंत रायफल पोहोचायला एवढी वर्षं का लागली?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा, कारण शेवटी मुद्दा आपल्या तालुक्याचाच आहे.

१ ऑगस्ट २०२४ आठवतोय? पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसपासून लांब शातोरू नावाच्या गावी होती. तिथे स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. वडील शिक्षक, आई तेव्हा गावची सरपंच, स्वतः तेव्हा रेल्वेत टीसी. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य घेतलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट ७२ वर्षांनी.

तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, गुलाल उधळला. मीही बातमी केली. पण एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. कुस्ती आपल्या मातीत होती, तालमी होत्या, खाशाबा त्यातूनच आले. रायफल कुठून आली? शिक्षकाच्या पोराच्या हातात ती यायला इतका काळ का गेला? याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १८५९ मध्ये तिकडे फ्रेंच आक्रमणाची भीती पसरली होती. सरकारने साध्या नागरिकांची स्वयंसेवक पथकं उभी करायला परवानगी दिली. कारकून, दुकानदार, वकील असे लोक त्यात गेले. या लोकांना नेम धरता यावा म्हणून नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर तिची पहिली स्पर्धा झाली. पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियाने. व्हिटवर्थ रायफल आधीच स्टँडवर बसवून, ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर रोखून ठेवली होती. राणीने फक्त दोरी ओढली. गोळी मध्याच्या अगदी जवळ बसली. आज टेनिससाठी माहीत असलेलं विम्बल्डन तेव्हा नेमबाजीसाठी प्रसिद्ध होतं. पुढे १८९० पासून ही स्पर्धा बिस्लेला गेली, ती आजही तिथेच भरते.

म्हणजे तिकडे राणी स्वतः दोरी ओढून सामान्य माणसाला सांगत होती, या, नेमबाजी शिका.

आता त्याच राणीच्या राज्यात इकडे काय चाललं होतं बघा. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीय माणसाला शस्त्र बाळगायला परवाना हवा, युरोपियन माणसाला मात्र सूट. त्याच वर्षी, त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. एकाच वर्षात आपली लेखणी आणि आपली बंदूक, दोन्ही संशयित ठरल्या. पत्रकार म्हणून मला ही जोडी कधीच विसरता येत नाही. वर्तमानपत्रांचा कायदा पुढे लॉर्ड रिपनच्या काळात थोड्याच वर्षांत गेला. शस्त्र कायदा राहिला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा या कायद्यावर कडक टीका केली. आक्षेप साधा होता: अख्ख्या देशावर तुम्ही अविश्वास दाखवता.

मग या काळात आपल्याकडे बंदूक कुणाच्या हातात होती? एक, पलटणीतल्या जवानाच्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथली पोरं मराठा पलटणीत गेली, रायफल उत्तम चालवायला शिकली. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. पण रायफल पलटणीची. जवान पेन्शनवर गावी आला की ती मागेच राहायची. दोन, संस्थानिकांच्या. त्यांच्यासाठी शिकार हा खेळही होता आणि मानही. कांबळवाडी ज्या राधानगरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. आज तिथे गव्यांचं अभयारण्य आहे. म्हणजे त्या भागातल्या माणसाला बंदुकीचा आवाज नवा नव्हता, फक्त बंदूक त्याची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण, माहीत आहे? गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती, अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले. सत्याग्रही माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, हे वरवर विचित्र वाटतं. पण १८७८ चा कायदा लक्षात ठेवला की अर्थ लागतो. ज्या सरकारने आपल्यावर विश्वास ठेवला नाही ते गेलं होतं. आता आपण आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायचा होता. आजही देशातल्या नव्या नेमबाजांना ज्या स्पर्धेतून पुढे यावं लागतं, ती मावळंकरांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९५९ चा नवा शस्त्र कायदा झाला, १९६२ पासून लागू झाला. परवाना मात्र राहिला.

कायदा बदलला तरी खर्च राहिलाच. रायफल परदेशी, गोळ्या परदेशी, रेंज मोजक्या शहरांत. त्यामुळे बरीच वर्षं या खेळात नावं दिसत ती राजघराण्यांची नाहीतर फौजेची. बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्य घेतलं. मोठी कामगिरी होती. ते एकूण पाच ऑलिंपिक खेळले. कैरो हे शहर लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रात हे दार उघडलं ते मुलींनी. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर २००४ ला अथेन्सच्या अंतिम फेरीत. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण घेऊन आली. यातली एकही राजवाड्यातून आलेली नाही. कुणी एनसीसीत भेटलं, कुणाला जवळ रेंज मिळाली, कुणाला शिकवणारा माणूस मिळाला. एक शिकला की तो पुढच्याला शिकवतो. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच खेळल्या होत्या. तालमीत वस्ताद असतो ना, तसंच हे आहे.

आता तयारीबद्दल, कारण गैरसमज इथेच आहे. आपल्याला वाटतं नेमबाजी म्हणजे धाडधाड गोळ्या. बातमीच्या निमित्ताने मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रेंजवर अर्धा दिवस बसलो होतो. एक शाळकरी मुलगी जवळजवळ तासभर रायफल खांद्याला लावत होती, नेम धरत होती, चाप ओढत होती आणि रायफल खाली ठेवत होती. छरा एकही नाही. मी सरांना विचारलं, मशीन बिघडलंय का? ते हसले. म्हणाले, "हाच सराव. गोळी तर शेवटी. गोळी फक्त सांगते की आधी काय चुकलं."

याला कोरडा सराव म्हणतात. पाय कुठे, कोपर कुठे, गाल रायफलच्या लाकडाला रोज त्याच जागी टेकतो की नाही. डोळे मिटून रायफल धरायची, उघडल्यावर नळी लक्ष्याकडे आपोआप असली पाहिजे. नसली तर हाताने ढकलायची नाही, पाय हलवून उभं राहणं सुधारायचं. श्वास सोडताना मध्येच थोडा थांबवायचा आणि त्या थांब्यात चाप हळूच मागे घ्यायचा. चाप सुटल्यावरही क्षणभर हलायचं नाही. आणि हे सगळं वहीत लिहायचं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पेनाच्या ठिपक्याएवढं. ५० मीटरला ते १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तेवढ्यासाठी स्वतःच्या छातीतला ठोकासुद्धा ओळखीचा व्हावा लागतो.

थ्री पोझिशनमध्ये तर गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, अशा तीन तऱ्हा. पात्रता फेरीत प्रत्येकी २० गोळ्या. बाहेर वारा असेल तर रेंजवरचे छोटे झेंडे वाचायचे. उभं राहून मारणं सगळ्यात अवघड, कारण तिथे टेकायला जमीन नसते.

स्वप्नीलची वाट बघा. २००९ मध्ये तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. सरावाच्या खर्चासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं पदकानंतर सगळ्या पेपरांत आलं. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला आणि देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली. होय, तेच कैरो. बरोबर ६० वर्षांपूर्वी तिथे एक महाराजा उभा होता, आता शिक्षकाचा मुलगा. २०२३ च्या हांगझाऊ एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक स्पर्धेत पुन्हा चौथा. दोनदा पदकाच्या दारातून परत. पॅरिसला पात्रता फेरीत ५९० गुण, सातवा. अंतिम फेरीत गुडघ्यावर सहावा, प्रोननंतर पाचवा. सगळ्यात अवघड ते उभं राहणं बाकी होतं, आणि तिथेच तो वर सरकला. ४५१.४ गुण, तिसरा. त्या उभं राहण्यामागे किती वर्षांचा कोरडा सराव असेल, हिशोब करा.

आता आपल्याकडे या.

मंडळी, ५० मीटरची रेंज आपल्याला लगेच झेपणार नाही, मान्य. पण १० मीटर एअर रायफलला काय लागतं? एक लांब खोली, मागची भिंत सुरक्षित, चांगला उजेड, दोन-चार रायफली आणि एक प्रशिक्षित माणूस. ठरलेल्या ताकदीच्या आतल्या या एअर रायफलला बंदुकीसारखा शस्त्रपरवानाही लागत नाही. आपल्या तालुक्यात असा हॉल बांधून तयार आहे. उद्घाटनाची बातमी मीच दिली होती. आज त्याला कुलूप आहे. मधूनमधून कार्यक्रमांसाठी उघडतो, खुर्च्या तिथेच रचून ठेवतात. आणि आपली पोरं शिकायला दीड-दोन तास एसटीने जिल्ह्याला जातात, म्हणजे ज्यांना परवडतं ती जातात. बाकीच्यांसाठी बंदूक म्हणजे जत्रेतले फुगे.

हा विषय काढला की काही जण म्हणतात, "साहेब, पोरांच्या हातात बंदूक कशाला? आधीच काय कमी आहे?" काळजी खरी आहे. तलवारीने केक कापणारे आणि कंबरेला पिस्तूल लावून रील टाकणारे आपल्याच गल्लीत आहेत. पण रेंजवर नेमकं याच्या उलट शिकवतात. नळी कायम लक्ष्याकडेच. सूचना मिळाल्याशिवाय रायफलला हात नाही. काम झालं की रायफल रिकामी आहे हे दाखवायचं. त्या हॉलमध्ये मिरवायला जागाच नसते. तासभर स्थिर उभं राहून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देणारं पोरगं चौकात हवा करायला जाईल, असं मला तरी वाटत नाही.

इंग्रज सरकारने परवान्याच्या नावाखाली सामान्य माणसाला या विद्येपासून लांब ठेवलं. त्याला राज्य जायची भीती होती. आपल्या हॉलच्या कुलपामागे तेवढंही कारण नाही. किल्ली कुणाकडे आहे, एवढाच प्रश्न आहे.

येत्या ग्रामसभेत आणि पंचायत समितीत हा विषय लेखी द्यायचा माझा विचार आहे. ज्यांची मुलं-मुली आठवी ते बारावीत आहेत आणि ज्यांना हे शिकवायची इच्छा आहे, त्यांनी खाली फक्त गावाचं नाव लिहा. गावातले माजी सैनिक आणि एनसीसीचे जुने कॅडेट यांनी तर नक्की लिहा, शिकवायला तुमच्यासारखी माणसं लागतील. यादी मोठी झाली तर अर्जाला वजन येईल.