सूर्याची ठेव, चंद्राची माती



साहित्याच्या अध्यापकाने चंद्राविषयी बोलावे ते काव्याच्या अंगाने, अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र मी चंद्राच्या मातीतून सूर्याच्या उष्णतेने वायू काढण्याच्या विचाराविषयी बोलणार आहे. कारण त्या कथेचा आरंभ आपल्या दख्खनशी निगडित आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातील विजयदुर्गावरून निघून विजापूर व निजामी मुलखाचा दक्षिण भाग ओलांडीत गुंटूरकडे गेली. गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तपासला. त्या वर्णपटातील पिवळी रेषा लॉकयर यांनी २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडातून, ग्रहण नसतानाही, पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुढे सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्या द्रव्यास ‘हेलियम’ हे नाव मिळाले. लॉकयर त्या ग्रहणाच्या वेळी विजयदुर्गावर होते, ही कोकणातील आख्यायिका गोड आहे. परंतु इतिहास तिला दुजोरा देत नाही. पृथ्वीवर हा वायू हाती लागण्यास १८९५ साल उजाडले. रॅम्से यांनी तो युरेनियमयुक्त खनिजातून मिळविला.

१९६९ मध्ये अपोलो-११च्या यात्रिकांनी आणलेली चांद्रमृत्तिका प्रयोगशाळेत तापविली, तेव्हा तिच्यातूनही हेलियम निघाला. चंद्रास दाट वातावरण नाही. त्यामुळे सूर्यापासून वाहणारा कणांचा प्रवाह, म्हणजेच सौरवात, युगानुयुगे थेट त्या मातीवर आदळून तिच्यात हायड्रोजन व हेलियम रुजवीत आला आहे. सूर्याने ठेवलेली ही ठेव सूर्याच्याच तापाने सोडवावी, अशी कल्पना पुढे आली. चंद्रावरील भर दुपारचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. वायूचा मोठा भाग सुटण्यास मात्र सुमारे ७०० अंश लागतात. म्हणून अंतर्गोल आरशांनी ऊन एकवटावे लागेल. त्यातही तेथील रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची!

१९८६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी चंद्रावरील हेलियम-३ अणुसंमीलनाचे इंधन म्हणून सुचविला. तेव्हापासून त्याच्या मोलाच्या कथा फार रंगविल्या जातात. आपल्या बेगम बाजारातील घाऊक व्यापारी मालाचे वर्णन ऐकून सौदा करीत नाही. तो आधी तराजू मागतो. आपणही मागू या. मातीच्या एक अब्ज भागांत हेलियम-३ चे दहा भाग धरले, तर एक किलोसाठी एक लाख टन माती तापवावी लागेल. आणि त्यावर चालणारी वीजनिर्मिती अजून साधलेली नाही. त्यामानाने त्याच भट्टीतून निघणारा हायड्रोजन तेथील वसाहतीस पाण्यासाठी अधिक लवकर उपयोगी पडेल, असे मला वाटते.

हेलियम दिसला १८६८ मध्ये, हाती आला सत्तावीस वर्षांनी. दिसणे आणि हाती येणे यांतील हे अंतर ज्ञानाच्या इतिहासात कष्टांनी भरून निघते, आख्यायिकांनी नव्हे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत हेच शिकविले: आधी पाहा, मग मोजा, आणि त्यानंतरच बोला.