सिलिंडरमधील द्रव

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. ब्युटेनचा रेणू पाण्याच्या रेणूच्या तिपटीहून जड. तरीही पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर ब्युटेन उणे ०.५ अंशालाच. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांशी जखडलेले असतात. ब्युटेनच्या रेणूंमध्ये केवळ क्षीण व्हॅन डर वाल्स बले असतात. त्यामुळे हे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबाखालीच द्रवरूप राहते आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट फुगते. हवेहून जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो. म्हणूनच गळती झाल्यास नुसती खिडकी उघडणे पुरेसे नाही, दारही उघडावे. विजेचे बटण मात्र दाबू नये. हा वायू मुळात गंधहीन. नाकाला जाणवतो तो दर्प मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा.