कॉलर आणि गोणपाट

गुणवत्ता जन्मजात असते, अशी टिमकी वाजवणाऱ्यांना आम्ही अमेरिकेतल्या एका तिसरीच्या वर्गाची हकीकत सांगतो.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातील राईसव्हिल या छोट्या गावात जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून फाळणी केली. मुले सगळी गोरी. एका दिवशी निळ्या डोळ्यांची श्रेष्ठ, एका दिवशी तपकिरी डोळ्यांची. १९७० साली याच धड्याचे चित्रीकरण झाले. त्यात श्रेष्ठांना खेळायला जादा वेळ मिळाला. कनिष्ठांच्या गळ्यात कापडी कॉलर, आणि पाणी कागदी पेल्यातून! (चवदार तळ्याच्या वारसांना यात नवल ते काय?) कॉलर घातलेल्या मुलांना वाचनाच्या कार्डांचा गठ्ठा संपवायला साडेपाच मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी पारडे फिरले, आणि त्याच मुलांनी तो अडीच मिनिटांत संपवला. मेंदू तोच, कार्डे तीच. मग रातोरात गुणवत्ता आली कुठून?

लहानग्यांना असे दुखवावे का, हा आक्षेप घेतला जातो. तो आम्ही उडवून लावत नाही. पण राईसव्हिलची कॉलर दुसऱ्या दिवशी निघाली. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत. नळ उघडून द्यायला शिपाई नसला की तहानलेलेच राहत. ते गोणपाट शाळा झाडणारा नोकरही शिवत नसे. रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचे.