रॅम वाढवली की कॉम्प्युटर खरंच पळतो का? पंढरपूरच्या एका दुकानातून समजून घ्या

कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की एक सल्ला हमखास मिळतो, "रॅम वाढवून घे." सल्ला देणारा चुकीचं बोलत नसतो, पण तो अर्धंच सांगतो. काही कॉम्प्युटर रॅम वाढवल्यावर एकदम सुधारतात, आणि काहींमध्ये पैसे जाऊनही ढिम्म फरक पडत नाही.

हा फरक आत्ता समजून घेणं गरजेचं आहे, कारण रॅम महाग झाली आहे. एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड मेमरी लागते. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांनी आपला माल त्या बाजाराकडे वळवल्यामुळे २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पैसे घालण्याआधी आपल्या मशीनचं नेमकं दुखणं कळायला हवं.

रॅम म्हणजे नेमकं काय?

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरचं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा. पुढच्या फळीवर कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, चुरमुऱ्यांच्या पुड्या. गिऱ्हाईक मागेल ती वस्तू मालक हात लांबवून लगेच देतो. बाकीचा माल गोदामात असतो.

कॉम्प्युटरमध्येही हेच तीन भाग असतात.

- मालकाचे हात म्हणजे प्रोसेसर. खरं काम हाच करतो.
- पुढची फळी म्हणजे रॅम. आत्ता ज्यावर काम चालू आहे, ते सगळं इथे मांडलेलं असतं. लाइट गेली की ही फळी साफ होते.
- गोदाम म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तुमचे फोटो, फाइल्स, सॉफ्टवेअर कायमचे इथे राहतात.

"माझ्या फोनला १२८ जीबी मेमरी आहे, तरी हँग होतो," असं म्हणताना अनेकांची गल्लत होते ती इथेच. ते १२८ जीबी गोदामाचे आहेत. फळी कदाचित ४ जीबीचीच असेल.

मग वेग कुठे जातो?

एरवी मंगळवारी दुपारी छोटी फळीही पुरते. प्रश्न आषाढीला येतो. एकाला टाळ हवेत, दुसऱ्याला मूर्ती, तिसऱ्याला वीणा. फळी भरलेली आहे, मग मालक काय करतो? एक वस्तू उचलून गोदामात पाठवतो आणि तिथून दुसरी आणतो. लगेच कुणीतरी पहिलीच वस्तू मागतं. दिवसभर नुसत्या फेऱ्या.

रॅम भरली की विंडोज हेच करतं. सध्या न लागणारा भाग डिस्कवरच्या 'पेज फाइल'मध्ये टाकतं आणि लागला की परत आणतं. काम बंद पडत नाही, पण प्रोसेसर माल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. तुम्हाला तो 'हँग' दिसतो.

गोदाम किती लांब आहे, यावर बरंच अवलंबून आहे. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. साध्या एसएसडीला त्याच्या सुमारे हजारपट, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. फळीवरची वस्तू १ सेकंदात मिळते असं धरलं, तर एसएसडीमधून ती आणायला १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कमधून जवळपास २८ तास! एसएसडी म्हणजे मागच्या गल्लीतलं गोदाम. हार्ड डिस्क म्हणजे वारीच्या गर्दीतून वाखरीला जाऊन माल आणण्यासारखं.

किती रॅम पुरते?

आधी थोडा इतिहास. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्याची मुख्य मेमरी होती ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे फक्त १० केबी. आजच्या ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या आठ लाखपटींहून जास्त मेमरी असते. तरी टिफ्रॅकवर शास्त्रज्ञांची गणितं सुटायची, आणि आपला लॅपटॉप वीस टॅब उघडल्यावर धापा टाकतो. कारण प्रश्न निव्वळ आकड्याचा नसतो, कामाच्या मानाने फळी केवढी आहे याचा असतो.

म्हणून कामाप्रमाणे बघू.

टायपिंग, बिलं, ऑनलाइन फॉर्म: विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते. पण किमान म्हणजे फक्त चालू होण्यापुरती. ब्राउझरचे टॅब, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ आणि स्कॅनर एकत्र चालवायचे, तर ८ जीबी हवी. सेवा केंद्रं आणि झेरॉक्सच्या दुकानांचं काम यात येतं.

फ्लेक्स आणि फोटोचं काम: वारीच्या आधी स्वागताचे फ्लेक्स करणाऱ्यांनी हे गणित बघावं. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला घेतला, तर ८,६४० गुणिले १७,२८० म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका लेअरला सुमारे ६०० एमबी. असे सहा-सात लेअर, वर अनडूची आठवण. ८ जीबी इथे दमते, १६ जीबी हवीच.

व्हिडिओ एडिटिंग: साध्या रीलला १६ जीबी चालते. ४के आणि इफेक्ट्स वापरत असाल, तर ३२ जीबीचा विचार करा.

रॅम वाढवूनही फरक का पडत नाही?

फळी आधीच अर्धी रिकामी असेल, तर ती आणखी लांब करून मालकाचे हात वेगाने चालणार नाहीत. १६ जीबीपैकी तुम्ही ७ च वापरत असाल, तर ३२ केल्याने फेसबुक लवकर उघडणार नाही.

दुसरं कारण इंटरनेटचं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला राज्यभर सेवा केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. अशा वेळी सर्व्हरवरच लाखो लोकांचा भार असेल, तर तुमच्याकडे ६४ जीबी रॅम असूनही पान गोल गोल फिरतच राहणार.

तिसरं कारण ३२ बिटचं विंडोज. त्याला साधारण ४ जीबीपलीकडची रॅम वापरताच येत नाही. अशा मशीनमध्ये ८ जीबी टाकली, तर वरची वाया जाते.

स्वतः तपासायचं कसं?

नेहमीची सगळी कामं उघडी ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी आणि डिस्क बघा.

- मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर आणि कॉम्प्युटर अडखळतोय: रॅम वाढवा.
- मेमरी ५०-६० टक्के, पण डिस्क कायम १०० टक्के आणि आत जुनी हार्ड डिस्क: आधी एसएसडी टाका.
- मेमरी, डिस्क दोन्ही निवांत, पण सीपीयू १०० टक्के: प्रोसेसर थकला आहे किंवा एखादं नको ते सॉफ्टवेअर मागे चालू आहे.
- तिन्ही निवांत, तरी वेबसाइट हळू: दोष इंटरनेटचा किंवा समोरच्या सर्व्हरचा.

रॅम घ्यायचीच ठरली, तर आधी मशीनला डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ लागते ते बघा. तिघींच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की जोडलेली असते, ती वाढवताच येत नाही. दोन स्लॉट असतील तर ८ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावल्या, तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. फक्त पुढे रॅम वाढवायची वेळ आली, तर एखादी पट्टी काढावी लागेल.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्रच नसेल, तर त्या मशीनवर महाग रॅमचा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

आणि फोनचं काय?

फॉर्म भरताना ओटीपी येतो, तुम्ही मेसेज बघायला जाता, परत येता तर फॉर्म कोरा. ही बऱ्याचदा रॅमचीच करामत असते. फोनची रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागचं ॲप बंद करतं आणि ब्राउझर पान पहिल्यापासून उघडतो. फॉर्म भरायला बसण्याआधी बाकीची ॲप्स बंद करा आणि ओटीपी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचा, म्हणजे ब्राउझर सोडावा लागणार नाही.

जाहिरातीतल्या '८ जीबी अधिक ८ जीबी' रॅमलाही भुलू नका. त्यातली दुसरी ८ जीबी स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. गोदामाच्या कोपऱ्याला फळी म्हटलं, तरी माल आणायला तिथवर जावंच लागतं.